लोकलची गर्दी खरंच कमी करेल अशी नवी लाईन कशी आखायची

नवीन मेट्रोचा नकाशा पेपरात आला की आपण सगळ्यात आधी काय बघतो, तर आपल्या घराजवळ स्टेशन आहे का. साहजिक आहे. पण ती लाईन कुठल्यातरी तुडुंब भरलेल्या लाईनचा भार कमी करायला टाकतायत असं सांगत असतील तर बघायची गोष्ट वेगळी असते आणि ती नकाशावर दिसतच नाही. नकाशावर दिसते ती रंगीत रेघ, बहुतेक वेळा मोठ्या रस्त्यावरून सरळ गेलेली, कारण तिथे दुभाजकात खांब रोवता येतात आणि जागा ताब्यात घ्यायची कटकट कमी होते. आता खांबाला जागा आहे ही सोय झाली, लाईन टाकायचं कारण नाही ना झालं.

हे लिहितोय ते प्लॅनिंग शिकणाऱ्या पोरांसाठी, प्रवासी संघटनेतून निवेदनं देणाऱ्यांसाठी आणि सोसायटीच्या ग्रुपवर "आपल्याकडून का नाही नेली" म्हणून भांडणाऱ्यांसाठी. उदाहरणं सगळी मुंबईची, कारण मी डोंबिवलीचा आहे, आणि गर्दी शिकायची तर मुंबईइतकी शिकवणारी जागा दुसरी नाही.

आधी ठरवा, लाईन कशासाठी

नवी रेल्वे लाईन दोन कारणांनी टाकतात. एक, जिथे काहीच नाही तिथे वस्ती-ऑफिसं यावीत म्हणून. दोन, जी लाईन आहे ती फुटायला आलीय म्हणून. दोन्हीचं प्लॅनिंग वेगळं. "आपल्या लाईनने दोन्ही होईल" असं मीटिंगमध्ये कोणी म्हणालं की मी जरा सावध होतो, कारण मग शेवटी दोन्ही अर्धवट होतं आणि हिशोब कोणालाच द्यावा लागत नाही.

आपण दुसऱ्या प्रकाराचं बघतोय. तर पूर्ण प्लॅनिंगभर एकच प्रश्न समोर ठेवायचा: आज त्या भरलेल्या डब्यात उभा असलेला माणूस उद्या तिथून उतरून तुमच्या लाईनवर का येईल? मेट्रो चकाचक आहे, एसी आहे, ही उत्तरं चालणार नाहीत. त्याला तिकडे लवकर पोचता येतं का, परवडतं का, आणि कमी वेळा गाडी बदलावी लागते का, एवढंच तो बघतो.

गर्दी नक्की कुठे आहे ते शोधा

"सेंट्रल लाईनला गर्दी आहे" हे वाक्य प्लॅनिंगसाठी काही कामाचं नाही. सकाळी साडेआठला अप फास्टला, म्हणजे मुंबईकडे जाणाऱ्या फास्ट गाड्यांत, दिवा ते ठाणे आणि पुढे घाटकोपरपर्यंत किती माणसं आहेत, हे कामाचं. प्रत्येक लाईनवर एक तुकडा असा असतो जिथे सगळ्यात जास्त माणसं गाडीत असतात, त्याच्या आधी चढणारे जास्त आणि त्याच्या पुढे उतरणारे जास्त. तो तुकडा, तो तास आणि ती दिशा, ह्या तीन गोष्टी धरून जो आकडा येतो त्याला ह्या धंद्यात पीएचपीडीटी म्हणतात, म्हणजे गर्दीच्या तासात गर्दीच्या दिशेला जाणारी माणसं. बाकी रोजचे एकूण प्रवासी वगैरे आकडे भाषणाला ठीक आहेत.

ऑफिशियल आकडे नसतील तरी प्लॅटफॉर्मवर उभं राहून बऱ्यापैकी अंदाज येतो. प्रत्येक गाडीच्या दोन-तीन डब्यांना नंबर द्यायचा. फोर्थ सीट, म्हणजे तिघांच्या बाकावर टेकायची चौथी जागा, रिकामी आहे, १. फोर्थ सीट भरली, २. दोन सीटांच्या मधल्या जागेत माणसं उभी, ३. दरवाजा पॅक, ४. बाहेर लटकलेत, ५. लेडीज डबा आणि फर्स्ट क्लास वेगळे लिहायचे, जनरलची सरासरी त्यांना लावायची नाही. मंगळवार-बुधवार बघून जायचं, मे महिना आणि गणपती-दिवाळी टाळायची. आणि गाडी किती लेट आली तेही लिहून ठेवा, कारण एक गाडी रद्द झाली की तिच्यामागची ५ दाखवते आणि तिच्यामागची परत ३, त्यामुळे एका गाडीवरून निष्कर्ष काढायचा नाही.

इथे एक गंमत आहे जी बाहेरच्या कन्सल्टंटला पटकन कळत नाही. डोंबिवलीचा माणूस सकाळी डोंबिवलीलाच अप गाडीत चढेल असं काही नाही, तो आधी उलटा कल्याणला जातो आणि त्याच गाडीत सीट पकडून परत येतो. मोजणीत तो कल्याणचा प्रवासी दिसतो. कोणी साडेनऊचं ऑफिस असून साडेसहाची गाडी पकडतो, कारण साडेसातची मिळाली तरी आत शिरता येत नाही. कोणी वैतागून बाईक घेतली असते. ही सगळी माणसं गर्दीचाच भाग आहेत पण गर्दीच्या आकड्यात नाहीत. म्हणून मोजणीबरोबर माणसांना विचारावं लागतं: तुमचं घर कुठे, ऑफिस किती वाजता, आणि तुम्हाला खरं तर कुठली गाडी हवी होती.

मग टार्गेट काढा. खालचे आकडे फक्त गणित समजावं म्हणून धरलेत. बारा डब्याच्या गाडीत गर्दीला साडेचार हजार माणसं, आणि फास्ट ट्रॅकवर तासाला १६ गाड्या. म्हणजे ताशी ७२,०००. प्रत्येक गाडीतून हजार माणसं कमी झाली तर निदान श्वास घेता येईल, म्हणजे तासाला १६,००० माणसं त्या तुकड्यातून हलवायची, हे तुमचं टार्गेट. आता त्या ७२,००० पैकी समजा ३० टक्के लोकांचं ऑफिस तुमच्या नव्या लाईनच्या आसपास आहे, २१,६०० झाले. त्यातले निम्मे जरी आले, आणि निम्मे म्हणजे खूप झाले बरं का, तरी १०,८००. टार्गेट हुकलं. हे पाच मिनिटांचं गणित आहे आणि एवढं केलं तरी निम्म्या घोषणा गळून पडतात.

वर अजून एक. हजार माणसं कमी झाली की ती जागा रिकामी राहत नाही. साडेसहाची गाडी पकडणारा साडेसातला येतो, बाईकवाला पास काढतो, स्लोने जाणारा फास्ट पकडतो. ही चांगलीच गोष्ट आहे, लोकांची सोय झाली, पण "गर्दी २० टक्के कमी होणार" असं छापायच्या आधी हे धरा.

लोक कुठे चाललेत

रेल्वेकडे तिकिटं आणि पास ह्यांचा डेटा असतो, पण तो स्टेशनपासून स्टेशनपर्यंतचा. पासावर कुर्ला लिहिलंय म्हणून माणूस कुर्ल्याला कामाला आहे असं नाही. कुर्ला स्टेशनच्या बाहेर सकाळी शेअर रिक्षांची लाईन बघा, सगळी बीकेसी, बीकेसी. तिकडे वांद्र्याला पण तेच. बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स, हे शहरातलं एवढं मोठं ऑफिसांचं ठिकाण, आणि कित्येक वर्षं तिथे एकही रेल्वे स्टेशन नव्हतं. त्या रिक्षांच्या लाईनीत दहा मिनिटं उभं राहिलात तर जे कळेल ते महिनाभर नकाशे बघून कळणार नाही.

ह्याच्या मागे इतिहास आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली तेव्हापासून आपले रूळ दक्षिणेच्या टोकाकडे जातात, कारण बंदर तिकडे, गोदामं तिकडे, नंतर मिलही त्याच वाटेवर. १९८२ च्या संपानंतर मिल एकेक करून बंद पडल्या, त्या जागांवर लोअर परळला काचेच्या बिल्डिंगी आल्या, आणि बाकी नोकऱ्या सीप्झ, अंधेरी एमआयडीसी, बीकेसी, ऐरोली-घणसोलीला पांगल्या. माणसं आता आडवी, म्हणजे पूर्व-पश्चिम जातात आणि रूळ उभे, उत्तर-दक्षिण आहेत. डोंबिवलीहून अंधेरीला जायचं म्हणजे दादरपर्यंत खाली जायचं, त्या पुलावर धक्के खायचे आणि परत वर यायचं. दादरच्या पुलावरच्या गर्दीत दादरला काम असलेले किती आणि नुसते लाईन बदलणारे किती, हा प्रश्न कोणीतरी वेळेत विचारला म्हणून घाटकोपर-अंधेरी जोडणारी मेट्रो वन झाली असं म्हणायला हरकत नाही.

लाईनचा प्रकार निवडा

सगळ्यात आधी, नवी लाईन लागतेच का ते बघा. बाराचे पंधरा डबे केले की त्याच ट्रॅकवर २५ टक्के जागा वाढते, प्लॅटफॉर्म लांबवायचे, यार्ड बदलायचं, एवढं काम. सिग्नल सुधारून दोन गाड्यांतलं अंतर कमी करता येतं. मेल-एक्स्प्रेस वेगळ्या ट्रॅकवर काढल्या तर लोकलची वाट मोकळी होते, ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन त्याचसाठी. पण ह्याला स्वस्त म्हणा, झटपट म्हणू नका. ठाणे-दिव्याचं काम २००८ च्या सुमाराला मंजूर झालं आणि लाईन सुरू झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये, नऊएक किलोमीटरसाठी.

नवी लाईन लागणारच असेल तर ती भरलेल्या लाईनला समांतर टाकायची, का आडवी, का वळसा देणारी, हे ठरवायचं.

आडवीचं उदाहरण मेट्रो वन. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर, ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं, ८ जून २०१४ ला सुरू. त्याच्या आधी घाटकोपरहून अंधेरीला ३४० नंबरची बस, साकीनाक्याला ट्रॅफिक, तासाच्या वर सहज. मेट्रोने २१ मिनिटं. हा फरक इतका मोठा होता की कोणाला समजावून सांगावं लागलं नाही, ठाणे-कल्याणकडचे लोक घाटकोपरला उतरायला लागले आणि दादरची फेरी बंद केली. आडव्या लाईनची ताकद ही आहे, ती माणसाला दादरपर्यंत न नेता मधेच बाहेर काढते.

पण मग घाटकोपरचं काय झालं? जे ओझं दादरच्या पुलावर होतं त्यातलं बरंच घाटकोपरच्या पुलावर आलं. स्टेशन तेच जुनं, जिने तेच, आणि संध्याकाळी मेट्रोतून उतरलेली माणसं एका झटक्यात खाली येणार. तिथले पूल-जिने वाढवायचं काम लाईन सुरू झाल्यावर बरीच वर्षं चालू राहिलं. म्हणून माझं ठाम मत आहे की जिथे नवी लाईन जुन्या लाईनला टेकते त्या स्टेशनचं काम लाईनच्या बजेटमध्येच धरलं पाहिजे आणि लाईनच्या आधी संपलं पाहिजे. "ते रेल्वेच्या हद्दीत येतं" हे उत्तर प्रवाशाच्या काही कामाचं नाही.

पुलाला हलक्यात घेणाऱ्यांनी २९ सप्टेंबर २०१७ आठवावा. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. मिलच्या जागी ऑफिसं आली, माणसं कितीतरी पट वाढली, पूल होता तेवढाच राहिला.

समांतर लाईनचं उदाहरण मेट्रो थ्री, आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, एक सोडून सगळी जमिनीखाली. समांतर लाईन नुसती शेजारून गेली तर काही उपयोग नाही, लोक ओळखीच्या लोकलमध्येच बसतात. ती जुन्या लाईनला न सापडलेल्या जागा पकडत गेली पाहिजे. थ्रीने ते बऱ्यापैकी केलंय, सीप्झ, दोन्ही विमानतळ, बीकेसी, वरळी, ही सगळी ठिकाणं लोकलपासून लांब होती. फायदा मुख्यतः वेस्टर्नवाल्यांना, आम्ही सेंट्रलवाले बीकेसीला जायला अजून कुर्ल्याची रिक्षाच बघतो, किंवा घाटकोपर, मरोळ नाका असं फिरून जायचं. मेट्रो टू-बी कुर्ल्यावरून बीकेसीला जाणार आहे, ती झाली की खरा फरक.

आणि वळसा म्हणजे ऐरोली-कळवा उन्नत मार्ग. कल्याण-डोंबिवलीहून नवी मुंबईला जाणारा माणूस आज ठाण्याला उतरून गाडी बदलतो, हा जोड झाला तर त्याला ठाण्यात उतरायचं कामच नाही. लांबी अगदी कमी, पण ठाणे स्टेशनवरचा केवढा तरी बोजा जाईल. मला विचाराल तर पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त आराम देणारा हाच प्रकार, आणि ह्याचंच उद्घाटन सगळ्यात कमी आकर्षक दिसतं म्हणून की काय, झोपड्यांच्या पुनर्वसनात वर्षानुवर्षं अडकून पडलाय.

घड्याळातला वेळ आणि सोसावा लागणारा वेळ

हा भाग नीट वाचा, बऱ्याच लाईनी इथे फसतात.

माणूस मिनिटं सारखी मोजत नाही. बसून किंवा निदान उभं राहून पुढे सरकतोय तो एक मिनिट एकच वाटतो. वाट बघण्याचा किंवा जिने चढून चालण्याचा मिनिट साधारण दोनासारखा वाटतो. आणि प्रत्येक वेळी गाडी बदलायची म्हटली की वर पाच-दहा मिनिटांचा दंड, नुसता कंटाळा म्हणून. प्लॅनिंगमध्ये हे वजन धरतातच.

एक धरून चाललेलं उदाहरण करू. जुना रस्ता: लोकलमध्ये ४० मिनिटं, चालणं आणि वाट बघणं मिळून १०, शेअर रिक्षा १५. घड्याळात ६५. वजन लावून ४० + १५ + २०, वर एका बदलाचे ८, झाले ८३. नवा रस्ता: लोकल २५, मेट्रो १२, आणि पूल-जिने-सिक्युरिटी-सरकते जिने-बाहेर निघून चालणं मिळून १८. घड्याळात ५५, म्हणजे दहा मिनिटं वाचली, प्रेझेंटेशनमध्ये टाळ्या. वजन लावून ३७ + ३६ + ८, झाले ८१. दोन मिनिटांचा फरक! दोन मिनिटांसाठी कोण वाट बदलतो.

आता ह्याच उदाहरणात गाड्यांचा वेग वाढवायच्या मागे लागू नका. ते १८ मिनिटांचं चालणं १० वर आणा, आकडा थेट ६५ वर येतो. म्हणजे लोकलच्या प्लॅटफॉर्मवरून सरळ मेट्रोच्या हॉलमध्ये उतरता आलं पाहिजे, रस्ता ओलांडायला लागता कामा नये, तिकीट एक पाहिजे, आणि बाहेर पडायचं दार ऑफिसच्या बाजूला पाहिजे, चौकाच्या पलीकडे नको. भुयारी स्टेशन जितकं खोल तितका हा वेळ वाढतो हेही लक्षात ठेवा, गाडीने कमावलेलं सरकत्या जिन्यावर जातं.

पैशाचं पण असंच. लोकलचं कमीत कमी तिकीट ५ रुपये आणि महिन्याचा सेकंड क्लासचा पास तर फारच स्वस्त. पास एकदा काढला की पुढची प्रत्येक फेरी माणसाच्या डोक्यात फुकट असते. मेट्रो थ्रीला १० ते ७० रुपये. रोज जाऊन-येऊन हा वेगळा खर्च करायचा म्हणजे पगार बघावा लागतो. अंदाज काढताना हे धरलं नाही की आकडे फुगतात: ह्या लाईनवर रोज १३ लाख प्रवासी येतील असं सांगितलं जात होतं, ९ ऑक्टोबर २०२५ ला पूर्ण मार्ग लोकांसाठी उघडला त्या दिवशी दीड लाखाच्या आसपास आले. वाढतील, नवी लाईन रुळायला वेळ लागतोच, पण एवढी दरी नुसत्या सवयीने भरत नाही. मला वाटतं लोकलचा पास थोडे पैसे भरून मेट्रोला चालवायची सोय केली तर जेवढा फरक पडेल तेवढा दहा जाहिरातींनी पडणार नाही.

क्षमता आजची नको

गाडीत किती माणसं मावतात गुणिले तासाला किती गाड्या, झालं गणित. मेट्रो थ्रीची आठ डब्यांची गाडी साधारण अडीच हजार माणसं नेते, दर तीन मिनिटांनी एक सोडली तर ताशी ५०,०००. मेट्रो वनची चार डब्यांची, दीड हजाराच्या आसपास, त्याच हिशोबाने ३०,०००. गाड्या नंतर वाढवता येतात, डबे नंतर जोडता येतात, पण प्लॅटफॉर्म छोटा बांधला तर विषय संपला, विशेषतः जमिनीखाली. म्हणून स्टेशनच्या लांबीत कधीही काटकसर करायची नाही. सुरुवातीला प्लॅटफॉर्मची टोकं रिकामी दिसतील, दिसू देत.

उलटं उदाहरण बघायचं तर मोनोरेल. चेंबूर ते वडाळा २०१४ ला सुरू झाली, पुढे संत गाडगे महाराज चौकापर्यंत जायला मार्च २०१९ उजाडलं. डबे छोटे, गाड्या कमी, आणि मार्ग असा की कोणाच्याच रोजच्या प्रवासात पूर्ण बसत नाही. वर्षानुवर्षं रिकामी धावली. मग १९ ऑगस्ट २०२५ ला तुफान पाऊस, हार्बर लाईनच्या लोकल बंद, आणि सगळे मोनोरेलला धावले. गाडी मधेच अडकली, शेकडो माणसं शिड्या लावून उतरवावी लागली. एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, नंतर सांगितलं की गाडीची क्षमता १०४ टन आणि भरली होती १०९ टन. सप्टेंबरमध्ये सेवाच थांबवली. पर्यायी लाईनची खरी परीक्षा मूळ लाईन बंद पडते त्या दिवशी असते, आणि मुंबईत तो दिवस दर पावसाळ्यात येतो. तेव्हा प्लॅनमध्ये एक पान ह्यासाठी पाहिजे की हार्बर किंवा सेंट्रल ठप्प झाली तर किती माणसं इकडे येतील आणि त्यांना स्टेशनच्या दारातच थांबवायचं कसं.

मार्ग, खर्च आणि कारशेड

वरून न्यायची की खालून, हा वाद शेवटी पैशावर येतो. दहिसर-अंधेरीच्या मेट्रो टू-ए आणि सेव्हन ह्या वरून जाणाऱ्या लाईनी मिळून साधारण ३५ किलोमीटर, खर्च १२,६०० कोटींच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला साडेतीनशे कोटी. मेट्रो थ्री ३७,२७६ कोटी, किलोमीटरला अकराशेच्या वर. तिप्पट! म्हणून खालून तिथेच न्या जिथे वरून जायला खरंच जागा नाही. गिरगाव-काळबादेवीला दुसरा इलाजच नव्हता.

आणि खालून नेली तरी वरची माणसं सुटत नाहीत. स्टेशनला वर जागा लागते, जुन्या बिल्डिंगी पाडाव्या लागतात, गिरगाव-काळबादेवीत चार पिढ्या राहिलेली कुटुंबं हलवायची वेळ आली. तिथल्या तिथेच नवी घरं देऊ असं कबूल करून काम पुढे गेलं. तुम्ही प्लॅन करत असाल तर हे बोलणं रेघ पक्की व्हायच्या आधी करा, नोटीस चिकटवल्यावर नको. एखादं स्टेशन पन्नास मीटर सरकवून वीस घरं वाचत असतील तर ते कागदावर असतानाच सरकवता येतं.

कारशेडचा विचार शेवटी करायची आपल्याकडे खोड आहे. गाड्या रात्री उभ्या कुठे राहणार, धुणार कुठे, दुरुस्त कुठे होणार, त्याला भलीमोठी सपाट जागा लागते आणि ती लाईनच्या टोकाजवळच लागते. मेट्रो थ्रीचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. आरेत झाडं तोडली २०१९ ला, आंदोलन झालं, २०२० ला कारशेड कांजूरमार्गला न्यायची ठरली, त्या जमिनीवरून केंद्र आणि राज्यात भांडण, हायकोर्टाची स्थगिती, २०२२ ला परत आरे. झाडांच्या बाजूने असा नाहीतर मेट्रोच्या, वर्षं गेली आणि खर्च वाढला हे दोन्ही बाजूंना कबूल करावं लागेल. म्हणून मी तर म्हणतो कारशेडची जागा आधी शोधा, तिच्या कागदपत्रांचा निकाल लावा आणि मग लाईन तिथून सुरू करा.

मंजुऱ्या

हे पटकन सांगतो. २०१७ च्या मेट्रो धोरणाप्रमाणे केंद्राचे पैसे हवे असतील तर आधी शहराचा वाहतूक आराखडा लागतो, मग पर्यायांचा अभ्यास, म्हणजे बीआरटी (बससाठी राखीव मार्ग), लाईट रेल, मेट्रो ह्यातलं इथे काय योग्य ते दाखवायचं, मग डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल. समाजाला होणारा आर्थिक फायदा दरसाल निदान १४ टक्के परतावा देतो असं दाखवावं लागतं, आणि खाजगी भागीदारी कुठेतरी असावी लागते. मग राज्य मंत्रिमंडळ, केंद्र, कर्ज, टेंडर. शेवटी गाडी सुरू करायच्या आधी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांचं प्रमाणपत्र.

पर्यायांचा अभ्यास मागून वाचायला मिळाला तर जरूर वाचा. मेट्रो आधीच ठरलेली असली की त्यात बाकीचे पर्याय दोन पानांत उरकलेले असतात, लगेच कळतं.

वेळ किती धरायचा? मेट्रो वनची पायाभरणी जून २००६ मध्ये, गाडी २०१४ ला. मेट्रो थ्रीला केंद्राची मंजुरी २०१३ ला, पूर्ण मार्ग २०२५ ला. म्हणजे आज आखताय ती लाईन दहा-बारा वर्षांनंतरच्या शहरासाठी आहे. तोपर्यंत ऑफिसं अजून कुठेतरी सरकलेली असतील. आणि त्या बारा वर्षांत आजच्या गर्दीतल्या माणसाने करायचं काय? त्याच्यासाठी पंधरा डबे, जास्तीचे पूल, त्याच मार्गावर बसची वेगळी लेन, हे सगळं पहिल्या वर्षापासून चालू व्हायला हवं, मेट्रो येणार म्हणून ते थांबवायचं नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर भरलेल्या गाड्यांच्या दारातून माणसं खाली पडली, त्यांच्या घरच्यांना २०३५ चा नकाशा दाखवून काय उपयोग.

कुठला तुकडा आधी उघडायचा

पूर्ण लाईन एकदम होत नाही, तुकड्यांत उघडते. तेव्हा जो बांधून झाला तो उघडा असं न करता असा तुकडा आधी तयार करा ज्याचं एक टोक तरी चालू लाईनला लागतं. मेट्रो टू-ए आणि सेव्हनचा पहिला भाग एप्रिल २०२२ ला उघडला, डहाणूकरवाडी ते आरे, वर दहिसरला वळसा घालून. अंधेरीपर्यंत पोचतच नव्हता. जानेवारी २०२३ ला दोन्ही लाईनी अंधेरीपर्यंत आल्या, मेट्रो वनला जोडल्या गेल्या आणि मग लोक आले. थ्रीचा पहिला तुकडा ऑक्टोबर २०२४ ला आरे ते बीकेसी उघडला, तो मरोळ नाक्याला वनला जोडलेला होता आणि टोकाला ऑफिसं होती, त्यामुळे निदान काही लोकांचा पूर्ण प्रवास त्यात बसत होता.

लाईन सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी परत त्याच प्लॅटफॉर्मवर, त्याच वाराला, त्याच तासाला उभं राहून १ ते ५ चे नंबर द्या. नव्या लाईनवर किती आले हा आकडा कंपनी स्वतःच छापेल, तुम्ही जुन्या लाईनवरून किती गेले ते मोजा. पाचाचे चार झाले असतील तर जमलं. पाचाचे पाचच राहिले आणि नवी लाईनही भरलेली असेल तर ती नवीन माणसं आहेत, दुसऱ्या लाईनचं काम सुरू करा. आणि पाचाचे पाच राहून नवी लाईन रिकामी असेल तर आधी जोडस्टेशनवर जा, लोकलच्या प्लॅटफॉर्मपासून मेट्रोच्या गेटपर्यंत घड्याळ लावून चाला, नंतर तिकिटाचे दर बघा, आणि मग बसवाल्यांना सांगा की स्टेशनच्या दारातून सुटणाऱ्या छोट्या बस दर पाच मिनिटांनी सोडा, अर्ध्या तासाने एक अशा नकोत.